ट्रायम्फ हेराल्ड १२०० कन्व्हर्टिबल: आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) उन्हात टप उघडावा का?

ट्रायम्फ हेराल्ड १२००, कन्व्हर्टिबल, १९६४ चं मॉडेल, वेजवुड निळा रंग, बंपरवर पांढरं रबर. धुळ्यात एका खासगी मालकाच्या शेडमध्ये असलेली ही गाडी चालवून, जॅकवर उचलून आणि खालून टॉर्च मारून पाहिली, त्यावरचं हे परीक्षण. ब्रिटिश उघड्या गाड्यांत एमजीचं नाव मोठं, पण खानदेशात ठेवायला हेराल्ड बरी. तिचं सगळं अंग नट-बोल्टांवर उभं आहे, आणि तिची सख्खी बहीण मद्रासला जन्मली. मात्र दोन गोष्टी पाहिल्याशिवाय व्यवहाराचं बोलूच नये. एक, पुढच्या चाकांच्या ट्रनियन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते पितळी सांधे. दुसरी, नंबरप्लेट नव्हे, कंपनीच्या प्लेटवरची शेवटची दोन अक्षरं.

अंग नट-बोल्टांवर का, याला अडचणीचा इतिहास आहे. कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारा फिशर अँड लडलो हा कारखाना १९५३ मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननं (बीएमसी), म्हणजे प्रतिस्पर्ध्यानंच, विकत घेतला. पन्नाशीच्या शेवटी सगळे जण एकसंध, म्हणजे वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसलेल्या बॉडीकडे वळत असताना यांच्याकडे अशी बॉडी दाबून देणारं कुणी उरलं नाही. मग कंपनीचा इंजिनिअर हॅरी वेब्स्टर यानं वेगळी चासी काढली आणि बॉडीचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी बनवून त्या चासीवर बोल्टनं बसवायचं ठरलं. रेखाटन इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीचं. एप्रिल १९५९ मध्ये गाडी बाजारात आली ती ९४८ सीसीची. १९६० मध्ये कन्व्हर्टिबल आली. १९६१ च्या सुरुवातीला ११४७ सीसीचं इंजिन घेऊन १२०० हे मॉडेल आलं. त्याच सुमारास लेलँडनं कंपनी ताब्यात घेतली आणि दर्जा सुधारला. डॅशबोर्डवर करड्या पुठ्ठ्याच्या जागी लाकूड आलं ते याच मॉडेलात. १९६७ ला १२९६ सीसीची १३/६० आली आणि १९७१ मध्ये हेराल्ड बंद झाली. मजबुरीत घेतलेला तो निर्णय आज मालकाच्या पथ्यावर पडतो. मडगार्ड सडलं तर ते काढून दुसरं लावता येतं, आणि टप काढला तरी गाडीचा कणा चासीत असल्यानं ती एकसंध बॉडीच्या गाडीसारखी मधून वाकत नाही.

मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६१ पासून हीच गाडी स्टँडर्ड हेराल्ड म्हणून काढली. पुढे खास आपल्याकडे चार दारांची मार्क थ्री निघाली, मग गॅझेल. म्हणून आजही बॉनेट, पुढचं सस्पेन्शन, स्टिअरिंग रॅक, काचा, बिजागऱ्या असलं सामान जुन्या गाड्या फोडणाऱ्यांकडे सापडतं. इंजिनाच्या बाबतीत मात्र सावध. मद्रासची गाडी शेवटपर्यंत ९४८ सीसीचीच राहिली. तिचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६३ मिमी, १२०० चा ६९.३ आणि १३/६० चा ७३.७. स्ट्रोक (पिस्टनची धाव) तिन्हींचा ७६ मिमी, त्यामुळे विकणारा ‘एकच इंजिन आहे भाऊ, डोळे झाकून घ्या’ म्हणतो. पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट यांची अदलाबदल होत नाही. डोळे उघडे ठेवून, मापी लावून घ्यावं.

आता ती प्लेट. इंजिनामागच्या बल्कहेडवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) कमिशन नंबरची, म्हणजे कारखान्याच्या नंबरची छोटी पट्टी असते. १२०० चा नंबर ‘जीए’नं सुरू होतो (१३/६० चा ‘जीई’नं) आणि शेवटी ‘सीव्ही’ असेल तर गाडी कारखान्यातूनच कन्व्हर्टिबल निघालेली. ‘डीएल’ असेल तर ती मुळात बंद टपाची. टप बोल्टवर असल्यामुळे दुपारभरात उतरवता येतो आणि पुष्कळांनी तो उतरवलाही आहे. अशी गाडी चालायला वाईट नसते, पण तिला कन्व्हर्टिबलचा भाव देऊ नये. पट्टी नवी करकरीत आणि तिचे रिव्हेट चकचकीत दिसले, तर पुढच्या काचेच्या वरच्या कडेला हूड (घडीचा टप) अडकवायच्या दोन कड्या मूळच्या आहेत का आणि मागच्या सीटमागे हूड घडी होऊन बसायची जागा साच्यातली आहे की पत्रा कापून केलेली, ते बघा. पत्रा कापला असेल तर वेल्डिंगची रेघ रंगाखालूनही बोटाला लागते. धुळ्याच्या या गाडीची पट्टी जुनी आहे, अक्षरं अर्धी झिजलीत, पण ‘जीए’ आणि ‘सीव्ही’ दोन्ही वाचता येतात.

बॉनेट उघडण्याचा सोहळा एकदा पाहण्यासारखा. पुढच्या चाकांच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक खटका आहे. तो सोडला की मडगार्ड, दिवे, जाळी सगळं एकत्र पुढे कलंडतं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं होतं. पुढच्या टायरवर बसून पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क) सेट करता येतात. कंबर वाकवायची गरज नाही. पॉइंटचा गॅप ०.०१५ इंच (०.४ मिमी), प्लगचा ०.०२५ इंच, टॅपेट इंजिन थंड असताना ०.०१० इंच, सिलिंडरांच्या फायरिंगचा क्रम १-३-४-२. सगळं मिळून दीड तासाचं काम. एवढ्या मोठ्या बॉनेटचा तोटा म्हणजे हेडलाइटच्या वायरा दर वेळी बिजागरीपाशी वळतात आणि आतून तुटतात. उजवा दिवा मध्येच विझत असेल तर बल्बला दोष देण्याआधी पुढच्या बुलेट कनेक्टरपाशी वायर ओढून बघावी. या गाडीतही तिथं काळी टेप गुंडाळलेली सापडली.

या गाडीत माणसाचा जीव जिच्यावर आहे ती ट्रनियन. पुढच्या चाकाचा उभा लिंक खालच्या टोकाला आटे पाडलेला असतो आणि तो पितळी ट्रनियनमध्ये स्क्रूसारखा बसतो. स्टिअरिंग फिरवलं की हे आटे फिरतात. त्यात ग्रीस नाही, ईपी ९० गिअर ऑइल भरायचं, असं कंपनीचं पुस्तक स्पष्ट सांगतं. आपल्याकडे मात्र गॅरेजवाल्याच्या हाती ग्रीसगन आली की दिसेल त्या निपलला ग्रीस. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही. वर राहून घट्ट होतं. खाली पाणी शिरतं, पोलाद गंजतं आणि लिंक नेमका ट्रनियनच्या तोंडाशी मोडतो. मग चाक मडगार्डखाली आडवं होतं. बहुतेकदा हे हळू वेगात, पूर्ण स्टिअरिंग कापताना होतं, एवढाच काय तो दिलासा.

करायचं असं: पुढची बाजू स्टँडवर घ्या, चाकं अधांतरी. ट्रनियनचा छोटा प्लग काढून तिथं निपल लावा. एक ग्रीसगन रिकामी करून धुऊन तिच्यात फक्त ईपी ९० भरा, तिच्यावर रंगानं खूण करा आणि ती दुसऱ्या कामाला वापरू नका. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत तेल मारा. वरच्या रबरी सीलखालून ताजं तेल डोकावलं की थांबा. कंपनीचा हिशेब हजारो मैलांचा आहे. काळ्या मातीच्या धुरळ्यात दर दीड हजार किलोमीटरला आणि पावसाळा संपल्यावर एकदा हे करावं. गाडी नवीन घेतली असेल तर तेलावर भरवसा न ठेवता लिंक सोडवून आटे डोळ्यांनी पाहावेत. परत बसवताना ट्रनियन पूर्ण आवळून मग जास्तीत जास्त एक फेरी उलटी फिरवावी, म्हणजे पूर्ण वळणावर ती अडकत नाही. आणि डावीचे आटे उलटे असतात, उजवीची तिकडे चालत नाही. भंगारातून आणताना हे विसरलं की फेरा वाया. या गाडीच्या उजव्या ट्रनियनमधून तपकिरी, घट्ट ग्रीस निघालं. आटे शाबूत होते, पण हा नशिबाचा भाग.

इंजिनाचा एक छुपा आजार आहे: क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) थ्रस्ट वॉशर. मागच्या मेन बेअरिंगपाशी अर्धचंद्राचे दोन तुकडे क्रँकला पुढे-मागे सरकू देत नाहीत. ते फार झिजले की निसटून सम्पमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) पडतात आणि मग क्रँक थेट ब्लॉकवर घासतो; ब्लॉक गेला की इंजिन गेलं. तपासणी फुकटात होते. एकानं क्लच दाबायचा-सोडायचा, दुसऱ्यानं पुढच्या पुलीकडे बघायचं. पुली डोळ्याला सरकताना दिसली तर गडबड आहे. डायल गेज लावलं तर क्रँकचं सरकणं ०.००४ ते ०.००८ इंच हवं. इथं ०.००७ भरलं, म्हणजे चालेल, पण वर्षभरात बदलायची तयारी ठेवावी. इंजिन खाली न काढता, सम्प उतरवून मागची मेन कॅप काढली की बदलता येतात; तेलाच्या खाचा क्रँकच्या बाजूला आल्या पाहिजेत. क्लच दाबून सेल्फ मारायची आणि सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लचवर पाय ठेवून उभं राहायची आपली सवय या वॉशरना मारते. न्यूट्रल करा, पाय काढा.

चालवायला गाडी गोड आहे. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारी रचना) नाही, त्यामुळे पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. खर्रकन आवाज आला की समजायचं घाई झाली. वळायला जागा अवघी २५ फूट, म्हणजे साडेसात मीटरच्या आसपास. धुळ्याच्या नंबरांच्या गल्ल्यांत जिथं आजची छोटी गाडीही दोनदा पुढे-मागे करते, तिथं ही एका दमात फिरते. स्टिअरिंग रॅकचं, हलकं आणि सरळ. ताशी ८० ला इंजिन साधारण ३१०० फेऱ्यांवर असतं आणि तिथंच खूश राहतं. सुरत-नागपूर महामार्गावर केळीचे ट्रक ज्या वेगानं अंगावर येतात तो वेग हिचा नाही. अमळनेर, चोपडा, सातपुड्याच्या पायथ्याचे रस्ते हिचे.

घाटात मात्र मागच्या बाजूचा स्वभाव कळून घ्यावा. मागे आडवा कमानपाटा आणि दोन्ही बाजूंना झुलते एक्सल आहेत. लळिंगच्या उतारावर किंवा कन्नड घाटात वळणाच्या मधोमध एकदम ॲक्सिलेटर सोडला की मागचा भाग उचलला जातो, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि शेपूट घसरते. वेग वळणाआधी कमी करायचा आणि वळणात पाय हलका पण चालू ठेवायचा. टायरमध्ये मागे पुढच्यापेक्षा तीन-चार पाउंड हवा जास्त. जॅकवरून खाली उतरवल्यावर मागची चाकं कोंबडीसारखे पाय आत घेऊन उभी राहतात. ते पाहून घाबरू नये, दहा पावलं ढकलली की बसतात. त्याआधी अलाइनमेंटवाल्याकडे नेली तर तो पैसेही घेईल आणि चुकीचं मापही देईल. ब्रेक चारही ड्रमचे, एकाच सर्किटचे, बूस्टर नाही. म्हणजे एक पाइप फुटला की चारही गेले. रबरी होज किती जुने आहेत ते मालकाला सांगता येईना, तर ते नाहीतच असं समजून बदलावेत.

खानदेशात हिचा खरा शत्रू ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. अशा वेळी बाजारात दहा मिनिटं रांगेत उभी राहिली की काटा चढतो, कारण इंजिन मंद चालतं तेव्हा पंखाही मंदच. कूलिंगमध्ये साधारण पावणेपाच लिटर पाणी मावतं. बोअरचं क्षाराचं पाणी घालूच नये. दीड लिटर कूलंट आणि बाकी डिस्टिल्ड. रेडिएटरची कॅप मूळ ७ पाउंडाची. दुकानात हाताला येईल ती १३ पाउंडाची मिळते आणि ती लावली की साठ वर्षांच्या रेडिएटरचे सांधे उकलतात. थर्मोस्टॅट काढून फेकणं हा उपाय नव्हे, जाळी साफ करणं हा आहे. दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी चालली की रेडिएटरच्या जाळीत पांढरी रुई अडकते. ती आतून बाहेर, म्हणजे इंजिनाच्या बाजूनं हवा मारून काढावी.

त्यात आता पेट्रोल ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. अशा पेट्रोलची लवकर वाफ होते, म्हणून दुपारी चहाला थांबलं की गाडी पुन्हा उठत नाही: पेट्रोल पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये वाफ धरते. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये जाड इन्सुलेटर पॅकिंग हवं, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर हवी. अडकलंच तर बॉनेट कलंडवून दहा मिनिटं सावलीत थांबावं आणि पंपावर ओलं फडकं ठेवावं. जुनं रबरही इथेनॉलमध्ये फुगतं: पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल चालणाऱ्या मटेरियलचा घ्या आणि होजवर ‘आर ९’ छापलेलं आहे का बघा. या गाडीचे होज वरून छान दिसत होते, वाकवल्यावर आतून चिरा. मिश्रण पातळ पडतं, म्हणून मेन जेट एक नंबर मोठा करून प्लगचा रंग पाहावा. विटकरी-तपकिरी हवा, पांढरट नको. पावसाळाभर उभी ठेवणार असाल तर टाकी काठोकाठ भरा नाहीतर पूर्ण रिकामी करा. अर्धी टाकी म्हणजे तळाशी पाणी.

तेलं: इंजिनात २०डब्ल्यू-५०, फिल्टरसह सुमारे साडेचार लिटर. गिअरबॉक्सला जीएल-४ च घ्या, जीएल-५ पितळी रिंगा खातं.

वायरिंग पॉझिटिव्ह अर्थचं आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. हे वाक्य बॅटरीच्या झाकणावर रंगानं लिहून ठेवावं, कारण नव्या पोराला बॅटरी बदलायला सांगितली की तो सवयीनं निगेटिव्ह बॉडीला लावतो. मोबाइल चार्जर आणि बहुतेक एलईडी बल्ब यावर चालत नाहीत. लुकासच्या वायरांना रंगांची भाषा आहे: तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, पांढरी इग्निशनची, निळी हेडलाइटची, लाल पार्किंगची, काळी अर्थ. मधल्या काळात कुणीतरी सगळीकडे एकच पिवळी वायर ओढली असेल, तर शोधत बसण्यापेक्षा हार्नेस (वायरांचा पूर्ण संच) बदलणं स्वस्त पडतं. बॅटरीपासून निघणाऱ्या तपकिरी वायरीत एक जाड इनलाइन फ्यूज घालावा.

हत्यारांचा प्रश्न तालुक्याच्या गॅरेजात हमखास येतो. नट सगळे इंचातले. ७/१६ च्या नटाला ११ चा पाना जेमतेम चालतो, पण अर्ध्या इंचाच्या, म्हणजे चार सुती नटाला १३ चा ढिला बसतो आणि दोन-तीन वेळांत नटाच्या कडा गोल होतात. जुन्या ट्रॅक्टर मेकॅनिककडे सुती पाने अजून असतात. सर्व्हिसिंगला नवीन शोरूमच्या माणसापेक्षा तो बरा.

चासीत गंज बघायचा तो बाजूच्या आउटरिगरना (चासीतून बाहेर निघणाऱ्या आडव्या हातांना) आणि डिकीखाली. स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहावा. अंडरकोटच्या जाड थरावर विश्वास नको. खानदेशाचा पाऊस बेताचा, त्यामुळे इथंच राहिलेली गाडी कोरडी असते. मुंबईत वीस वर्षं काढून आलेली असेल तर प्रकरण वेगळं. दाराच्या वरच्या फटीकडे पाहा: मागे दोघांना बसवल्यावर फट कमी झाली तर चासी खचलेली आहे. इथं डावं दार किंचित घासतं, पण फट हलत नाही. बिजागरी झिजलीय, चासी ठीक आहे. हूड हातानं उघडायचं, एकटा माणूस दोन मिनिटांत करतो. महिनोन्‌महिने घडी घालून ठेवलं की रेक्झिन आखडतं आणि पुढच्या कड्यांना पोचत नाही. ओढून बसवू नका, अर्धा तास उन्हात पसरून ठेवा, ते तर आपल्याकडे मुबलक आहे. मागची प्लास्टिकची काच धुरकट झालीय, ती बदलायची.

कागदांचं शेवटी. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढच्या नोंदणीला ५,०००, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा अशी अट आहे, म्हणून टप कापलेल्या गाडीचं इथं अडतं. आणि व्हीए नंबरची गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही. लग्नसराईत नवरदेवाला फिरवून दोन पैसे सुटतील या हिशेबानं कुणी घेणार असेल तर ते गणित कागदावरच मोडतं.

या गाडीचं तातडीचं काम एवढंच: दोन्ही ट्रनियन सोडवून, धुऊन ईपी ९० भरणं, पेट्रोलचे आणि ब्रेकचे सगळे होज, पंपाचा डायफ्रॅम, बॉनेटच्या बिजागरीपाशी नव्या वायरा. थ्रस्ट वॉशर पुढच्या हिवाळ्यात. एवढं होईपर्यंत घाटात नेऊ नये. झाल्यावर दिवाळी ते होळी सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर टप उघडून खुशाल फिरवा. आखाजीला मात्र शेडमध्येच, हूड वर करून.